स्ट्राऊडचे पक्षी काढून घेतले, ते बरोबर झालं का?

रानवाट:
रॉबर्ट स्ट्राऊड या अमेरिकन कैद्याला जग ‘अल्कट्राझचा पक्षीमाणूस’ म्हणून ओळखतं. खरं तर अल्कट्राझ बेटावरच्या तुरुंगात त्याच्याकडे एकही पक्षी नव्हता. पक्षी होते ते आधीच्या, कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ तुरुंगात. १९२० साली तिथल्या आवारात त्याला चिमण्यांचं घरटं सापडलं, त्यात तीन जखमी पिल्लं. ती त्यानं जगवली. मग कॅनरी (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे गाणारे पक्षी) आल्या आणि वाढत वाढत तीनशेच्या घरात गेल्या. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत झालेला हा माणूस मेलेला पक्षी चिरून बघायचा, टिपणं काढायचा, बाहेरच्या कॅनरीवाल्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायचा. १९३३ मध्ये कॅनरींच्या रोगांवर त्याचं पुस्तक आलं, १९४३ मध्ये त्याहून मोठा ग्रंथ. तो ग्रंथ आला तेव्हा स्ट्राऊडला अल्कट्राझला हलवून काही महिने झाले होते आणि पक्षी त्याच्या हातून गेले होते ते कायमचे. १९६३ मध्ये तो कैदेतच वारला.
माझं मत स्पष्ट आहे. जन्मठेप म्हणजे बाहेर न सोडणं. आत बसून जो माणूस लोकांच्या उपयोगाचं काही करतोय, त्याच्या हातातलं काम काढून घेणं हा शिक्षेचा भाग होऊ शकत नाही.

शिपायाचा_मुलगा:
रानवाट, एवढं लिहिलंत आणि अँड्र्यू टर्नरचं नाव एकदाही आलं नाही. तो लेव्हनवर्थचा पहारेकरी. भावाची भेट नाकारली गेली म्हणून चिडलेल्या स्ट्राऊडनं मार्च १९१६ मध्ये जेवणाच्या हॉलमध्ये, शेकडो कैद्यांसमोर त्याला सुऱ्यानं भोसकून मारलं. त्याआधी १९०९ मध्ये अलास्कात एकाला गोळी घातली होती, त्यासाठीच तो आत आला होता. फाशी झाली होती. आईनं धावाधाव केली, राष्ट्राध्यक्ष विल्सनपर्यंत अर्ज गेला आणि १९२० मध्ये ती जन्मठेपेवर आली. म्हणजे चिमण्या सापडल्या त्याच वर्षी.
माझे वडील तुरुंगात शिपाई होते. रात्रपाळीला निघाले की आई दार लावून घ्यायची आणि ते परत येईपर्यंत झोपायची नाही. मला कॅनरीबद्दल काही म्हणायचं नाही. पण अशा कैद्याला एकाच्या दोन कोठड्या, उपकरणं, टपालाचा धंदा? त्याचं येणारं-जाणारं प्रत्येक पत्र वाचून नोंदवावं लागे, त्यासाठी एक माणूस पूर्णवेळ अडकला होता. शिवाय पक्ष्यांच्या कामासाठी म्हणून घेतलेल्या सामानातून तो दारू गाळत होता.

रानवाट:
टर्नरचं नाव यायला हवं होतं, मान्य. चूक माझी. पण १९३१ च्या सुमारास पक्षी बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा कॅनरीवाल्यांनी पन्नास हजारांच्या आसपास सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्ष हूव्हरकडे निवेदन पाठवलं होतं. दुसरी कोठडी त्यातूनच मिळाली. इतक्या लोकांना त्याच्या उत्तरांचा उपयोग झाला नसता तर कोण सही करतं?

माळावरचा_डॉक्टर:
इथे मी पशुवैद्य म्हणून बोलतो. सह्यांवरून औषध सिद्ध होत नाही. स्ट्राऊड स्वतःच्या नावानं औषधं विकायचा. हजार मैलांवरच्या माणसानं पत्रात ‘पक्षी मरगळलाय, विष्ठा हिरवी पडतेय’ असं लिहायचं आणि यानं पक्षी न बघता उपाय सांगायचा. मरगळ आणि हिरवी विष्ठा दहा आजारांत दिसते. उपचाराविना बरे होणारे पक्षीही असतात. औषध दिलेले आणि न दिलेले असे वेगळे गट ठेवल्याशिवाय गुण कशाचा ते कळत नाही, आणि कोठडीत ते नीट जमणं कठीणच.
पण दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून कोपऱ्यात बसला की समजायचं, बराच उशीर झालाय. सुरुवातीची खूण ज्याला दिसते तो माणूस दिवसभर तिथेच बसलेला असतो. आम्ही दवाखान्यात दहा मिनिटं बघतो. स्ट्राऊडनं वीसएक वर्षं पाहिलं. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांकडे वैद्यकाचं फारसं लक्ष नसण्याच्या काळात ही नोंद मोलाची होती. त्याचे उपाय आज मी वापरणार नाही, निरीक्षणं मात्र आदरानं वाचेन.

कॅनरीघर:
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. पुण्यात बारा वर्षं कॅनरी पाळतोय. पहिल्या वर्षी एका आठवड्यात चार गेल्या आणि विचारायला कुणीच नव्हतं. तेव्हा कुणी दोन ओळींचं उत्तर पाठवलं असतं तर ते पत्र कुठल्या तुरुंगातून आलंय हे मी विचारलं नसतं.

शिपायाचा_मुलगा:
तुम्ही विचारलं नसतं, हे पटतं. टर्नरच्या घरच्यांनी विचारलं असतं.
१९६२ मध्ये सिनेमा निघाला, त्यात बर्ट लँकेस्टरनं त्याला सोशिक, शहाणा केला. लोकांच्या मनात तोच बसला. पुस्तकं ठेवा, निरीक्षणं वाचा, माझी हरकत नाही. पण दारू गाळताना सापडल्यावर सामान गेलं आणि बदली झाली, याला अन्याय म्हणू नका. कुठल्याही कैद्याचं तेच झालं असतं.

रानवाट:
सामान जावं, नक्की जावं. दारूची शिक्षाही व्हावी. पण अल्कट्राझला सहा वर्षं एकांत विभागात आणि मग अकरा वर्षं तिथल्या इस्पितळाच्या खोलीत ठेवलं, तेव्हा एका पिंजऱ्यात दोन कॅनरी दिल्या असत्या तर कुठल्या पहारेकऱ्याला धोका होता? सतरा वर्षांचा हिशेब मला अजून लागत नाही.