डिप्लोमा नसला तरी मदत मिळते

हायस्कूलचा नेहमीचा डिप्लोमा नसेल तर अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना कॉलेजसाठी सरकारी मदत मिळत नाही, असं कुणी म्हणतं. तसं नाहीये. उच्च शिक्षण कायद्यात २००८ साली बदल झाले, तेव्हापासून शिक्षण खात्याने मान्य केलेल्या 'सीटीपी' (अशा मुलांसाठीचे कॉलेजमधले खास कार्यक्रम) कार्यक्रमांतल्या गरजू विद्यार्थ्यांना पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून पैसे मिळवायची सरकारी योजना) मिळू शकते. सरकारी कर्ज मात्र नाही. त्यामुळे फी विचारण्याआधी कार्यक्रम सीटीपी आहे का, ते विचारा. आणि मुलं नेहमीच्या वर्गात किती तास बसतात, हेही! सिरॅक्यूज विद्यापीठाच्या इन्क्लूसिव्हयू या कार्यक्रमात ती इतरांसोबतच शिकतात. काही ठिकाणी समावेशकता माहितीपत्रकापुरतीच असते (स्पष्ट बोलतोय, राग नसावा). असे कार्यक्रम शोधायला बॉस्टनच्या थिंक कॉलेजची (हे कॉलेज नाही, अशा कार्यक्रमांची माहिती देणारा प्रकल्प आहे) साइट बघा, राज्यवार यादी आहे.