मदत हवी आहे: 1803 पर्यंत शिंद्यांचे कंपू दुप्पट कसे करायचे?

उत्तरपेठ: नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय, संपादकांचे रोज फोन येताहेत आणि गाडं एकाच जागी अडलंय. कथेत महादजी वानवडीला जात नाहीत (खऱ्या इतिहासात 1794 मध्ये ते पुण्याजवळ तिथेच वारले). पुढे इंग्रजांशी युद्ध होतंच आणि तोवर कंपू, म्हणजे त्यांच्या कवायती पायदळाच्या मोठ्या तुकड्या, दुप्पट झालेले हवेत. एवढी माणसं आणायची कुठून? 'पानिपतपासून वाचा' असं कृपया सांगू नका, वेळ नाही.

खजिनदार: दुप्पट म्हणजे कुठल्या सालाच्या? शिंद्यांचा युरोपीय सेनानी डी बॉयन, त्यानं 1784 मध्ये दोन पलटणींवर सुरुवात केली, 1793 पर्यंत तीन कंपू झाले. आणि तुमच्या कथेत तो राहतो की 1795 च्या अखेरीस नोकरी सोडतो?

घोडखिंड: मुळात पलटणी वाढवणं हीच चूक. घोडदळ वाढवा. 1804 मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवला, तो घोड्यांच्या जोरावर. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला तिथेच घात झाला.

तोफखाना_93: आणि त्याच नोव्हेंबरात फर्रुखाबादेला इंग्रज सरसेनापती लेकनं पहाटे छापा घालून तेच घोडदळ उधळलं, ते? 1803 ची असईची लढाई बघा. इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, ती तोफांमुळे. इंग्रज पलटणी पुढे सरकल्यावर मेल्यासारखे पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून पाठीमागून मारा सुरू केला. अशी माणसं घोडदळाच्या नादात गमवायची?

घोडखिंड: असईला जिंकलं कोण? तोफा शेवटी इंग्रजांनीच नेल्या ना.

उत्तरपेठ: अहो, भांडण नंतर करा! डी बॉयन राहतो. 1794 पासून धरा. पैशाचं मी बघतो, माणसं कुठून ते सांगा.

खजिनदार: पैशाचं 'बघतो' म्हणून चालणार नाही, सगळं तिथेच अडतं. माणसं हवी तेवढी होती. अवध आणि दुआबातले (गंगा-यमुनेमधल्या मुलखातले) जे तरुण कंपनीत भरती होत, तेच शिंद्यांकडेही येत. ते टिकत पगार वेळेवर झाला तर. डी बॉयनला दुआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून दिला होता. त्या वसुलातून पलटणींचा पगार परस्पर भागे, सरकारी खजिन्याकडे तोंड वेंगाडावं लागत नसे. जखमी झालेल्या शिपायाला बरा होईपर्यंत पगार चालू, कायमचा जायबंदी झाला तर निवृत्तिवेतन. याउलट महादजींनंतरच्या दौलतरावांच्या काळात थकबाकी इतकी चढली की 1798 मध्ये त्यांचे सासरे सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातल्या सावकारांना छळून पैसा काढला. कंपू दुप्पट करायचे तर दुसरी तेवढीच जायदाद दाखवा. ती कुठल्या सरदाराकडून काढून घेणार? त्या भांडणात कथेचं एक प्रकरण सहज निघेल.



सुभेदार_मेजर: संख्येच्या मागे का लागलाय? प्रत्यक्षातही डी बॉयननंतर आलेल्या पेराँनं 1803 पर्यंत कंपू तिनाच्या वर नेलेच होते. कमी पडले ते अंमलदार. युद्ध लागताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या चाकरीतले कित्येक इंग्रज अधिकारी निघून गेले. अलीगढचा किल्ला पडल्यावर खुद्द पेराँच इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. तरी लासवाडीला पलटणी युरोपीय अंमलदारांवाचून लढल्या, आणि अशा लढल्या की यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही, असं लेकनं स्वतः लिहिलंय. तुमच्या महादजींना 1794 पासून नऊ वर्षं मिळताहेत. तेवढ्यात आपल्याच सुभेदारांतून पलटणीचे सरदार तयार करा. मी फौजेत होतो म्हणून सांगतो, शिपाई काही महिन्यांत कवायत शिकतो, अधिकाऱ्याला वर्षं लागतात.

उत्तरपेठ: हे पटलं, घेतो. पण पहिला प्रश्न तसाच आहे. नवे रंगरूट किती घ्यायचे?

निजामशाही_नोंदी: रंगरूट कशाला? ऑक्टोबर 1798 मध्ये हैदराबादेत इंग्रजांनी निजामाच्या, रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्यानं उभारलेल्या पलटणी मोडल्या. कवायत झालेले 10,000 हून जास्त शिपाई एका फटक्यात मोकळे झाले. मे 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचेही लोक बेकार झाले, त्यांतले काही बंडखोर धोंडजी वाघाच्या मागे गेले. महादजींसारखा माणूस या दोन्ही वेळी स्वस्थ बसला असता का? त्यांचे वकील आधीच हैदराबादेत पोचलेले दाखवा.

घोडखिंड: खर्ड्याच्या लढाईत 1795 मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणारेच ते. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा?

निजामशाही_नोंदी: पलटणींत तेच चाले. ज्याचा रोजमुरा (पगार) त्याची चाकरी. डी बॉयनही आधी कंपनीकडेच होता.

उत्तरपेठ: वा! हेच हवं होतं. आता एवढंच सांगा, ही माणसं दुआबापर्यंत न्यायची कुठल्या वाटेनं?

खजिनदार: दुआबात नेताच कशाला? बुऱ्हाणपूर-अशीरगड शिंद्यांकडेच होतं. त्यांना तिथेच ठेवा, असईला काही दिवसांत पोचतील. फक्त त्यांच्या पगाराची सोय खानदेशच्या वसुलातून लावून द्या आणि मगच लढाईचं प्रकरण लिहायला घ्या.