उलटीनंतर आधी पाणी, मग पेज
दीड वर्षाच्या मुलीला उलटी थांबताच दूधभात द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तेवढी घाई करू नये. १० मिनिटे थांबून जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे पुडीतली मीठ-साखरेची पूड मिसळलेले पाणी) दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावी, कारण तहानलेले मूल वाटी तोंडाला लावून घटाघटा प्यायले की बहुधा सगळे पुन्हा बाहेर येते. पुडी अर्धी न करता, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण मिसळावी. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. पाणी पोटात ठरू लागल्यावर मीठ घातलेली तांदळाची पेज आणि भूक दिसली की मुगाच्या डाळीची गुरगुट्या खिचडी द्यावी. बाटलीतला गोड रस मात्र टाळावा, त्याने जुलाब वाढू शकतात. उलटी हिरवी असेल किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर तिला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.