मदत हवी आहे: ओव्हरक्लॉकिंगवाला महाग मदरबोर्ड की साधा? (नागपूर, आजच सांगा)

खाणीवरचा_ड्रोन
नमस्कार मंडळी. मदरबोर्ड बदलायचा आहे आणि संध्याकाळपर्यंत सीताबर्डीच्या दुकानदाराला कळवायचं आहे. दोन पर्याय दिलेत. एक साधा बी६५० चिपसेटचा, सोळा हजारांच्या आसपास. दुसरा एक्स६७०ई, दुपटीहून जास्त. दुकानदाराचं म्हणणं, महागवाला ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्यासाठी, बनवलेला असतो, म्हणून तो दणकट, मशीन बंद पडणारच नाही. मला ओव्हरक्लॉकिंग करायचंच नाही. मशीन रात्रभर न थांबता चाललं पाहिजे, बस. पैसे टाकायची तयारी आहे, वाया जायला नकोत. कोणता घेऊ?

वर्धारोड
प्रोसेसर कोणता? काम काय करता? आत्ताचा बोर्ड का बदलताय, त्याला नेमकं झालंय काय? हे कळल्याशिवाय कोणी उत्तर दिलं तर ते अंदाजपंचेच असेल.

पोट्टा_गेमर
भाऊ, एक्स६७०ई घे डोळे झाकून. प्रोसेसर ७८००एक्स३डी लाव, गेमिंगला मस्त आहे. आणि लिक्विड कूलर ३६० चा घेजो, आपल्या इथल्या मे महिन्यात हवेच्या कूलरनं भागत नाही.

खाणीवरचा_ड्रोन
गेम खेळायचे नाहीत हो. प्रोसेसर आहे माझ्याकडे, एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स. आत्ताचा बोर्डही बी६५०च आहे, त्यावर काम मधेच बंद पडतं. बोर्ड कोणता तेवढं सांगा ना प्लीज.

बुटीबोरी_मेंटेनन्स
आधी अर्थिंग पाहा. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो म्हणून लोक प्रोसेसर बदलतात, बोर्ड बदलतात, आणि दोष निघतो भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर बोर्ड राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर आणि एसी सुरू असतात, व्होल्टेज खाली येतं, लाइन जाते-येते. एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, किती वॅटचा आणि कोणता, हेही लिहा.

खाणीवरचा_ड्रोन
अर्थिंग नवीन करून घेतलंय, ऑनलाइन यूपीएस आहे, एसएमपीएस ८५० वॅटचा चांगल्या कंपनीचा आहे. मशीन रिस्टार्ट होत नाही. सॉफ्टवेअर एरर देऊन बंद होतं, कधीकधी निळा स्क्रीन. काम म्हणजे ड्रोनच्या फोटोंवरून नकाशे आणि ढिगाऱ्यांचं घनफळ काढणं. उमरेडकडच्या खाणींचं काम असतं. दीड-दोन हजार फोटो जोडायला संध्याकाळी लावतो आणि सकाळी पाहतो तर मधेच मेलेलं. पार्टी सकाळी रिपोर्ट मागते. म्हणून घाई आहे.

सिलिकॉन_संत्रा
मग तुमचा दुकानदार बरोबर सांगतोय. ७९५०एक्स पूर्ण जोरात २३० वॅटपर्यंत ओढतो. स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणारा भाग, व्हीआरएम, कमी फेजचा (वीज वाटून घेणाऱ्या कमी शाखांचा) असतो आणि काहींवर नीट हीटसिंकही नसतो. बाहेर ४५ अंश, खोलीत ३८, त्यात रात्रभर फुल लोड! एक्स६७०ई वर फेज जास्त, हीटसिंक मोठे. ओव्हरक्लॉकिंग करा की करू नका, ही जास्तीची ताकद स्थिरतेसाठीच कामी येते. माझ्याकडे तसाच बोर्ड आहे, कधी त्रास नाही.

वर्धारोड
अर्धं पटलं. व्हीआरएम फार तापला तर बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. काम हळू होईल, पण एरर देऊन मरेलच असं नाही. यांचा त्रास वेगळा दिसतोय.

आणि ओव्हरक्लॉकिंगचा बोर्ड म्हणजे स्थिर, हे मला मान्यच नाही. ते बोर्ड बॉक्समधून निघतानाच जोरात पळायच्या सेटिंग्ज लावून येतात, ऑटोच्या नावाखाली. २०२३ मध्ये काय झालं आठवा. एक्स्पो, म्हणजे रॅम जोरात पळवायची तयार सेटिंग, सुरू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) आपणहून वाढवत होते, त्यात ७८००एक्स३डी जळले. शेवटी एएमडीला नव्या बायॉसमधून (बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. ज्याला रात्रभराचं काम करायचंय, त्यानं कंपनीनं ठरवून दिलेल्या मर्यादेत चालणारं मशीन घ्यावं. दोन-चार टक्के वेगासाठी अख्खी रात्र पणाला का लावायची?

अनुभवी_असेंबलर
एएमडी सोडा आणि इंटेल घ्या, विषय संपला. मी वर्षानुवर्षे ऑफिसांना इंटेलच देतो.

वर्धारोड
इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर २०२४ मध्ये का गाजले, तेही सांगा मग. व्होल्टेजच्या घोळामुळे ते झिजत होते. इंटेलला ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) द्यावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथेही बोर्डांच्या सढळ वीज मर्यादांवर बोट ठेवलं गेलंच होतं. प्रश्न कंपनीचा नाही, मर्यादेत चालवण्याचा आहे.

पोट्टा_गेमर
पण इथे ५६ अंश गेलं होतं तापमान, २०२४ ला! इतक्यात कोणताही बोर्ड मरते नं भाऊ.

ऑरेंज_सिटी_काका
ते ५६ खरं नव्हतं बाबा. अंबाझरीकडच्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानं स्वतः तसं सांगितलं. नागपूरचा खरा विक्रम ४७.९, मे २०१३ चा. ते पुरेसं नाही का?

हिंगणा_नाका
तापमानापेक्षा आपल्या खिडकीतल्या कूलरची मशीनला जास्त भीती आहे. खोलीत ओलसर हवा भरते, त्यात धूळ, आणि ती धूळ बोर्डावर चिकटून बसते. माझ्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत कॅबिनेट उघडलं तर रॅमच्या सोनेरी पट्टीवर पांढरट थर होता. कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

गणक_ताई
बोर्डावरून भांडण्याआधी दोन गोष्टी विचारते. एक, काम दरवेळी एकाच टप्प्यावर मरतं की वेगवेगळ्या? एकाच जागी मरत असेल तर फोटोंचा किंवा सॉफ्टवेअरचा दोष. कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर, असं असेल तर हार्डवेअर. दुसरं, रॅम किती आणि किती स्टिक? मघापासून सगळे व्हीआरएमवर बोलताहेत आणि रॅमचं कोणी विचारलंच नाही.

खाणीवरचा_ड्रोन
ताई, वेगवेगळ्या टप्प्यांवर. फोटो अलाइन होतात नीट, पुढे डेन्स क्लाउड (फोटोंवरून दाट थ्रीडी बिंदू) करताना कुठेही थांबतं. रॅम १२८ जीबी. आधी ३२ च्या दोन होत्या, काम वाढलं म्हणून नंतर आणखी दोन लावल्या. सगळ्या ६००० वेगाच्या आहेत, बायॉसमध्ये एक्स्पो सुरू आहे.

गणक_ताई
हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. आता ऐका.

रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, बोर्डात नाही. ७९५०एक्ससाठी एएमडीनं अधिकृत वेग दिलाय तो असा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. तुम्ही चार स्टिक ६००० वर पळवताय, त्याही दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किटच्या. एक्स्पो सुरू करणं म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. मला ते करायचं नाही म्हणताय आणि रोज रात्री तेच चाललंय. बोर्ड ३४ हजारांचा घेतलात तरी प्रोसेसर तोच, त्यातला कंट्रोलरही तोच.

आज दुकानदाराला काहीच कळवू नका. बायॉसमध्ये एक्स्पो बंद करा, वेग ३६०० येतोय का पाहा. रॅमची सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो, घाबरून बटण दाबू नका, ते मेमरी ट्रेनिंग असतं. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही फेरे पूर्ण होऊ द्या. १२८ जीबीला वेळ लागेल. एक जरी एरर आला तरी रॅम दोषी धरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) १८ आणि १९ नंबरच्या नोंदी दिसतात का तेही पाहा.

सिलिकॉन_संत्रा
डीडीआर५ रॅममध्ये ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय, आतच असते, मग रॅमच्या चुका आपोआप दुरुस्त व्हायला हव्यात ना?

गणक_ताई
ती ईसीसी चिपच्या आतल्या आत काम करते. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि वेग झेपला नाही की चुका तिथेच होतात. खरी ईसीसी रॅम वेगळी घ्यावी लागते. एएम५ चे, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचे, काही बोर्ड ती चालवतात. घनफळावर बिलं निघतात अशा कामाला मी तर तीच सुचवेन. एरर देऊन बंद पडलेलं निदान कळतं, चुकीचा आकडा गुपचूप रिपोर्टमध्ये गेला तर कोण पकडणार?

बुटीबोरी_मेंटेनन्स
हे शेवटचं वाक्य लाखाचं.

शेतकरी_कळमेश्वर
ड्रोनवाले दादा, संत्र्याच्या बागेचा नकाशा करून देता का? एकरी काय घेता?

खाणीवरचा_ड्रोन
दादा, मेसेज करतो तुम्हाला, आधी हे निस्तरू द्या.

ताई, एक्स्पो बंद केलं, ३६०० दाखवतंय. मेमटेस्ट स्वच्छ गेला. एक्स्पो परत लावून चालवला तर दुसऱ्याच फेऱ्यात लाल ओळी यायला लागल्या. व्हीयाच्या १९ नंबरच्या जुन्या नोंदीही सापडल्या. रात्री उमरेडचं काम लावलं होतं, सकाळी पूर्ण झालेलं होतं. पण आधीपेक्षा हळू झालं. आता बोर्ड घ्यायचा की नाही?

वर्धारोड
नाही. आहे तोच ठेवा. व्हीआरएमची धास्ती वाटत असेल तर बायॉसमध्ये १०५ वॅटचा इको मोड लावा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता बरीच उतरते. नागपूरच्या उन्हाळ्यात मी तो कायम लावून ठेवतो.

पोट्टा_गेमर
७९५०एक्स घेऊन इको मोड? मग घेतलाच कायले बाप्पा! ९५ अंशापर्यंत जायला एएमडीचीच परवानगी आहे त्याला.

वर्धारोड
परवानगी आहे, सक्ती नाही.

गणक_ताई
वेग परत हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये बघा, काम चालू असताना रॅम जास्तीत जास्त किती भरते.

खाणीवरचा_ड्रोन
८० जीबीच्या वर गेलेली पाहिली नाही.

गणक_ताई
मग ४८ जीबीच्या दोनच स्टिकचं एक किट घ्या, ९६ जीबी होतात. दोनच असल्या की ५२०० हा अधिकृत वेग मिळतो. लावायच्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट. ४८ ची स्टिक ओळखायला बायॉस नवीन लागतो, तो आधी अपडेट करा. जुन्या चार स्टिक दुकानदार परत घेणार नाही, दोन-दोनच्या जोडीत विका, जोडीत चांगल्या चालतात. आणि घेण्याआधी बोर्ड कंपनीच्या साइटवरची चालणाऱ्या रॅमची यादी उघडा. किटचा पूर्ण मॉडेल नंबर जुळला पाहिजे, नुसतं कंपनीचं नाव नाही. बिलावर तोच नंबर लिहून घ्या.