अनुभव धागा: तुमच्या लोकल स्थानकाची रचना अशीच का आहे?

मंडळी, मुंबईच्या लोकल स्थानकांची माहिती म्हटली की गर्दीचे किस्से निघतात. या वेळी ते बाजूला ठेवू. जे स्थानक तुम्हाला तळहातासारखं माहीत आहे, त्याचे रूळ आणि फलाट असेच का पडले, जिना तिथेच का, आणि नवख्या माणसाचं नेमकं कुठे चुकतं, एवढंच लिहा. जमेल तितकं नेमकं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल.

दादर (दोन्ही बाजू)

दादर हे एक स्थानक नाही, शेजारी शेजारी उभी असलेली दोन स्थानकं आहेत, हे डोक्यात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. पूर्वेकडचे रूळ जीआयपी रेल्वेचे, म्हणजे आजची मध्य रेल्वे. पश्चिमेकडचे बीबीसीआयचे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. बीबीसीआयची विरारहून बॅकबेकडे येणारी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तेव्हाच्या थांब्यांत दादर होतं. दोन कंपन्या, दोन तिकीट खिडक्या आणि फलाटांचे दोन वेगळे क्रम. त्यामुळे 'एक नंबरवर ये' या निरोपाचे दादरला कितीतरी वर्षं दोन अर्थ होते.

९ डिसेंबर २०२३ पासून हे बदललं. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. जुने आकडे तोंडात बसलेल्यांसाठी: मध्यचा जुना १ आता ८, जुना ३ आता ९, ४ आता १०, ५ आता ११, ६ आता १२, ७ आता १३ आणि जुना ८ आता १४. जुना २ या यादीत नाही, कारण तो उरलाच नाही. त्याची जागा घेऊन शेजारचा फलाट रुंद केला आणि दादरहून सुटणाऱ्या तिथल्या स्लो लोकल सप्टेंबर २०२३ मध्ये परळला नेल्या. 'जुन्या आकड्यात सहा किंवा सात मिळवा' असं सांगणारे भेटतात. ३ ते ८ साठी सहा मिळवणं बरोबर आहे, पण जुन्या १ ला ते लागू पडत नाही. त्यामुळे सूत्र पाठ करण्यापेक्षा पाटी वाचा.

लांबच्या गाडीचं आरक्षण करताना कोड बघा. डीआर म्हणजे मध्य, डीडीआर म्हणजे पश्चिम. सामान घेऊन चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढून पलीकडे जाण्यातच गाडी सुटण्याची वेळ होते. ठाणे ते अंधेरीसारख्या प्रवासाला मात्र दादरला बाहेर पडून दुसरं तिकीट काढायची गरज नाही, एकच तिकीट दोन्ही बाजूंना चालतं.

ठाणे

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी इथे आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. एवढं शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. आजची रचना कळायला मात्र पुढचा भाग लागतो.

ठाण्याच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. १८५४ मध्ये लाइन कल्याणला पोचली ती डोंगराला वळसा घालून, मुंब्र्यावरून. जवळपास सव्वा किलोमीटरचा पारसिक बोगदा झाला १९१६ मध्ये, आणि नंतर फास्ट गाड्या बोगद्यातून, स्लो गाड्या मुंब्र्यावरून अशी विभागणी बसली. गोची अशी होती की कुर्ल्यापासून कुठे चार, कुठे सहा रूळ असले तरी ठाणे ते दिवा या टप्प्यात चारच होते. मेल-एक्सप्रेस आणि फास्ट लोकल एकाच जोडीवर यायच्या, आणि मेल उशिरा आली की मागची फास्ट लोकल सिग्नलला थांबलीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक (म्हणजे कामासाठी रूळ गाड्यांना बंद) घेऊन पाचवी-सहावी लाइन जोडली. आता मेल गाड्या जुन्या बोगद्यातून जातात आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने नव्या रुळांवरून. म्हणून जुन्या प्रवाशाला फास्ट गाडीत बोगदा लागत नाही, तेव्हा गाडी चुकली असं वाटतं. गाडी बरोबरच असते.

फलाटांचं साधारण वाटप: १ वर ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल, २ वर कल्याणकडे स्लो, ५ वर कल्याणकडे फास्ट, ६ वर मुंबईकडे फास्ट, ७ आणि ८ मेल-एक्सप्रेससाठी. ५ नंबर संध्याकाळी सगळ्यात धोकादायक असायचा, कारण उतरणारे आणि चढणारे एकाच अरुंद पट्टीवर. मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन डाउन फास्टचा, म्हणजे मुंबईहून बाहेर जाणाऱ्या फास्टचा, रूळ सरकवला आणि तयार काँक्रीटचे ठोकळे बसवून हा फलाट दोन-तीन मीटर रुंद केला. चालत्या स्थानकात फलाट रुंद करायचा म्हणजे आधी रूळ हलवायचा, रूळ हलवायचा म्हणजे वरची विजेची तारही हलवायची. म्हणून एवढ्याशा रुंदीला इतके तास लागतात. ज्यांनी हे काम ठरल्या वेळेत उभं केलं त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

ठाण्याला जोड: ट्रान्स-हार्बर

९, १० आणि १०ए हे फलाट या लाइनचे. ती नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली, दिघा गाव हे स्थानक जानेवारी २०२४ मध्ये मिळालं. चूक होते ती गाडी निवडताना. तुर्भ्यापर्यंत सगळ्या गाड्या एकाच वाटेने जातात, तिथून फाटा फुटतो: एक वाट सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगरवरून नेरूळ आणि पनवेलकडे. वाशीच्या गाडीत बसून नेरूळला जायचं असेल तर तुर्भ्याला उतरा आणि मागची गाडी घ्या. झोप लागून वाशी गाठलीत तर हार्बरने उलट यावं लागतं.

सँडहर्स्ट रोड

हे दुमजली स्थानक आहे. खाली मेन लाइन, वर हार्बर. कारण भूगोलात आहे. सीएसएमटीला हार्बरचे फलाट १ आणि २, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला, आणि डॉकयार्ड रोड, रे रोड ही गोदीची बाजू पूर्वेला. म्हणजे हार्बरला मेन लाइन ओलांडावीच लागते. ती ओलांडते ती इथे, डोक्यावरून. कुर्ला ते रे रोड हा तुकडा १९१० पासूनच होता. व्हीटीपर्यंतची (आजच्या सीएसएमटीपर्यंतची) जोडणी आणि देशातली पहिली विजेची गाडी, दोन्ही फेब्रुवारी १९२५ मधलं, गाडी ३ तारखेची. मेनवरून हार्बरला बदलायचं असेल तर इथे जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ सीएसएमटीला जावं, तिथे सगळे लोकल फलाट, १ ते ७, एकाच सपाटीवर आहेत.

चर्चगेट, थोडक्यात

चर्चगेट मुळात शेवटचं स्थानक नव्हतं, गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जायच्या. १९३० च्या डिसेंबरमध्ये बॉम्बे सेंट्रल उघडलं, त्याच महिन्याच्या शेवटी कुलाबा बंद झालं आणि चर्चगेटला लाइन संपली. चार फलाट, सगळे लोकलचे. फलाटावर उभी आहे म्हणून पहिल्या गाडीत घुसू नका, आधी इंडिकेटरवर सुटायची वेळ आणि थांबे बघा. शेजारची गाडी आधी सुटत असते.

कल्याण

इथे लाइन दुभंगते. ईशान्येचा फाटा कसाऱ्याकडे, आग्नेयेचा कर्जतकडे. दोन्हींच्या टोकाला घाट आहे. इंडिकेटरवरची अक्षरं यातूनच आली: कसारा म्हणजे 'एन', कर्जत म्हणजे 'एस', नॉर्थ आणि साउथ. आता गंमत बघा, स्लो गाडीलाही 'एस'च लागतो. म्हणून अक्षराची जागा लक्षात ठेवा: गंतव्याच्या जागी एस असेल तर कर्जत, वेगाच्या जागी असेल तर स्लो. इतर काही: 'ए' अंबरनाथ, 'बीएल' बदलापूर, 'टीएल' टिटवाळा, 'एएन' आसनगाव, 'केपी' खोपोली.

कल्याणला गाडी बाहेर का रखडते? आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात. कर्जतकडे निघालेली गाडी डावीकडून उजव्या फाट्यावर जाते, कसाऱ्याहून आलेली डाव्या फाट्यावरून मुंबईकडच्या रुळावर येते. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात, म्हणून एकीला थांबवल्याशिवाय दुसरीला सोडता येत नाही. मेल गाड्याही याच यार्डातून जातात. कल्याणला जोडगाडी बदलायची असेल तर पाच मिनिटांच्या हिशोबावर निघू नका.

मध्य रेल्वेचा रविवार

मेगाब्लॉकमध्ये माटुंगा ते मुलुंड स्लो गाड्या फास्ट रुळांवर वळवतात. तेव्हा शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला थांबा असतो. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला नसतो, कारण तिथे फास्ट रुळांना फलाटच नाहीत. विद्याविहारला जायचं असेल तर घाटकोपर गाठून उलट दिशेची स्लो घ्या. त्यासाठी आधी ब्लॉक कोणत्या दिशेचा आहे ते वाचा. अप आणि डाउनच्या वेळा वेगळ्या असतात, आणि नेमकी तीच ओळ लोक वाचत नाहीत.

प्रभादेवी आणि परळ

दोन रेल्वे इथे समांतर जातात, मध्ये पादचारी पूल. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तेव्हा प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. गिरण्यांच्या काळातली स्थानकं, पण भोवताली कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि जिन्याची रुंदी तेवढीच राहिली. पाऊस आला की बाहेर पडणारे जिन्याच्या तोंडाशी आडोशाला थांबतात, मागून पुढच्या गाडीची माणसं येतच राहतात, आणि जिन्यावर मागे वळायला जागा नसते. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

सगळ्या स्थानकांना लागू पडणारं: जिन्याच्या वरच्या किंवा खालच्या पायरीवर छत्री उघडायला, फोन काढायला, सोबतच्याची वाट बघायला थांबू नका. दहा पावलं पुढे जा. पूल भरलेला दिसला तर फलाटावरच थांबून एक गाडी रिकामी होऊ द्या. हे कळकळीने सांगतो आहे.

डबे, फलाट आणि मधली फट

इंडिकेटरवर १२ किंवा १५ हा डब्यांचा आकडा असतो. पश्चिमेवर १५ डबे २००९ पासून, मध्यवर २०१२ पासून. १२ डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर, म्हणजे १५ ची तिच्यापेक्षा साठेक मीटर लांब. फलाटाच्या वाढवलेल्या टोकाला उभे असाल आणि आकडा १२ असेल, तर गाडी तुमच्या अलीकडेच थांबेल किंवा पुढे निघून जाईल, आणि मग ते धावणं सुरू होतं ज्यात माणसं पडतात. आकडा आधी बघा, जागा आधी बदला. मोटरमनसाठी १२ आणि १५ डब्यांच्या थांब्याच्या पाट्या फलाटाच्या टोकाला असतात, त्या ओळखायला शिका.

फटीबद्दल: उपनगरी फलाटाची उंची रुळापासून ८४० ते ९२० मिलिमीटर ठेवायची असते. रुळांखाली वेळोवेळी खडी भरली की रूळ वर येतो आणि फलाट तेवढाच खाली गेल्यासारखा होतो, म्हणून फलाट पुन्हा उचलावे लागतात. वळणावरच्या फलाटाला फट सगळीकडे सारखी नसते. डबा सरळ, रूळ वाकडा. फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर डब्याच्या दोन टोकांच्या दारांशी फट मोठी, बाहेरच्या बाजूला असेल तर मधल्या दाराशी. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्यानुसार दार निवडा, आणि उतरताना आधी तुम्ही उतरून मग त्यांना हात द्या.