१९७६ जीएमसी मोटरहोम: चढावर पेट्रोल तुटतं, इलेक्ट्रिक पंप कोणता घ्यावा?

बोगद्याआधी
मंडळी, गाडी २६ फुटी, ओल्ड्समोबिल ४५५ इंजिन, क्वाड्राजेट कार्बोरेटर, दोन टाक्या. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना दुपारी इंजिन आधी आचके देतं, मग बंद पडतं. अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी चालते. सकाळी किंवा सपाटीवर तक्रार नाही. इंजिनावरचा यांत्रिक पंप नवा आहे. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा तर कोणता? आणि यांत्रिक ठेवायचा की काढायचा?

कार्बवाला
लक्षणं व्हेपर लॉकची आहेत. यांत्रिक पंप पुढे, टाक्या मागे; मधली सगळी लाइन ओढीखाली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाची. त्यात बोगद्याजवळची ११,००० फुटांची उंची, इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि एक्झॉस्टची धग. पेट्रोल लाइनमध्येच उकळतं आणि पंपाच्या हाती नुसती वाफ लागते. म्हणून पंप नवा असूनही फरक पडत नाही. हा त्रास एप्रिल-मेमधल्या गरम दिवशी जास्त होतो, कारण कमी वाफेचं उन्हाळी पेट्रोल अमेरिकेत विक्रीच्या ठिकाणी सक्तीचं होतं ते १ जूनपासून.

तरी पैसे घालण्याआधी हवा कुठून शिरते का ते बघा. ओढीच्या बाजूची नळी चिरली तर खाली थेंबही पडत नाही, ती हवा आत घेते. यांत्रिक पंपाच्या आधी पेट्रोलला चालणारी पारदर्शक नळी वीतभर जोडा आणि इंजिन गार असताना सुरू करा. बुडबुडे दिसले तर टाक्यांवरच्या आणि सिलेक्टर व्हॉल्व्हवरच्या (टाकी निवडणाऱ्या) रबरी नळ्या बदला. नव्या घेताना नळीवर जे३०आर९ (पेट्रोलच्या नळीचा दर्जा) छापलेलं असू द्या. दुसऱ्या टाकीवर टाकल्यावर बुडबुडे थांबले तर दोष पहिल्या टाकीच्या फाट्यावर.

मग कार्बोरेटरजवळ गेज लावा, दाब ५.५ ते ७ पीएसआय हवा. दाब बरा असूनही धार बारीक असू शकते, म्हणून लाइन सोडून बाटलीत धरा (इंजिन तेवढ्यात फ्लोट बाउलवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या साठ्यावर चालतं): ३० सेकंदांत एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरला जरा कमी. जवळ अग्निशामक हवाच. आणि क्वाड्राजेटच्या इनलेट नटमागे एक छोटा फिल्टर लपलेला असतो, तो बहुतेकांच्या ध्यानातच नसतो.

तारवाला
कार्टर पी४०७० घ्या. सहा पीएसआयच्या आसपास देतो, रेग्युलेटर लागत नाही. त्याचा ताशी ७२ गॅलन पुरवठ्याचा आकडा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. चढावर ताशी ४५ मैल आणि गॅलनला ५ मैल धरले तरी इंजिन ९ गॅलनच पितं. हॉली ब्लू मात्र नको. तो १४ पीएसआयचा. रेग्युलेटरशिवाय लावला तर नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलून कार्बोरेटर ओसंडेल.

हा पंप ढकलतो झकास, ओढतो रडत. म्हणून टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा. पंपाआधी जाड जाळीचा, १०० मायक्रॉनचा फिल्टर. बारीक फिल्टर पंपानंतर. आधी बारीक लावला की तोच व्हेपर लॉक पंपाच्या तोंडाशी होतो.

वायरिंग: १४ गेजची तार, १० अँपिअरचा फ्यूज, रिले. रिलेच्या कॉइलचा पुरवठा ऑइल प्रेशर स्विचमधून आणि इनर्शिया स्विचमधून (धक्क्याने तुटणाऱ्या) न्या, म्हणजे अपघातात पंप आपोआप बंद. अर्थ चॅसिसला घासून घट्ट करा. पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसत असेल तर आधी अर्थच तपासा.

बोगद्याआधी
आणि यांत्रिक?

कार्बवाला
राहू द्या. इलेक्ट्रिक बंद पडला तरी घरी याल, पण त्यासाठी इलेक्ट्रिक पंपाला समांतर एक बायपास आणि त्यात एकतर्फी व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बंद पंपातून पेट्रोल ओढणं यांत्रिक पंपाला जड जातं.

तारवाला
मी यांत्रिक पंप काढून त्या जागी ब्लॅंकिंग प्लेट (झाकणपट्टी) लावण्याच्या मताचा. यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला आणि मागून इलेक्ट्रिक ढकलत असेल तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेलात जातं. ठेवणारच असाल तर डिपस्टिक दर टाकी भरताना हुंगा. तेलाला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर गेली की इंजिन सुरूच करू नका.