मलमापेक्षा पायावरचा भार

वर एकांनी विचारलंय की वडिलांच्या पायाची मधुमेहाची जखम भरत नाही, परदेशात अशा जखमांवर लावायचे नवनवे जेल निघालेत, मग आपले डॉक्टर नुसतं ड्रेसिंग का बदलत बसतात? जेल आहेत खरे. पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या बेकाप्लर्मिनला अमेरिकेत 1997 मध्येच मान्यता मिळाली. युरोपातल्या एका चाचणीत सुक्रोज ऑक्टासल्फेट हे औषध असलेल्या ड्रेसिंगने 20 आठवड्यांत 48 टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगने 30 टक्के. म्हणजे चांगल्या औषधानेही निम्म्या राहिल्याच की!

आमच्या सासऱ्यांचा सगळा जन्म सोलापुरात मागावर उभं राहण्यात गेला. त्यात साखर. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम, पाच महिने मलमं झाली, हळद झाली. पायाला बधिरपणा, त्यामुळे दुखायचं नाही आणि म्हातारा खुशाल सिद्धेश्वराला चालत जायचा. शेवटी एका डॉक्टरांनी कडेची पांढरी, कडक कातडी ब्लेडने तासली, पायातला रक्तपुरवठा तपासला आणि गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. अशा प्लास्टरमुळे चालताना भार जखमेवर न येता सगळ्या पायावर वाटला जातो. ही पद्धत पॉल ब्रँड या सर्जननी कुष्ठरोग्यांसाठी वापरली होती. एप्रिलच्या उन्हात प्लास्टर म्हणजे शिक्षाच, रोज शिव्या खाल्ल्या आम्ही. पण नवव्या आठवड्यात जखम मिटली.

मात्र जखमेत पू असेल किंवा रक्तपुरवठाच कमी असेल, तर आधी त्यावर उपचार, मग प्लास्टर. तुमच्या वडिलांच्या पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तपुरवठ्याची तपासणी, झालाय का?